शाळेचे स्थळ

मुलीसाठी स्थळ शोधणे आणि मुलीसाठी शाळा शोधणे यांत फारसा फरक नसतो. दोन्हीकडे माणूस ताठ मानेने चौकशीला निघतो आणि शेवटी हात जोडून उभा राहतो. त्यातून स्थळ आजकाल मुली स्वतःच शोधतात. शाळा मात्र अजून बापालाच शोधावी लागते. आणि मी तर ती सिंगापुरात शोधत होतो, तीही जर्मन!

‘सिंगापूरला राहून जर्मन शाळा कशाला रे?’ हा प्रश्न तुमच्या आधी आमच्या आईने विचारला आहे. त्याचे उत्तर माझ्या नोकरीत आहे. कंपनी जर्मन. तिने आम्हाला चार वर्षे स्टुटगार्टला ठेवले आणि मग तीन वर्षांसाठी इकडे धाडले. पुढे पुन्हा स्टुटगार्ट. आमची चिमी तिकडच्या बालवाडीत वाढलेली. भांडायची जर्मनमध्ये, खाऊ मागायची मराठीत. तिला इथे इंग्रजी शाळेत घातली, तर परत गेल्यावर काय? तिकडे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कोण गिम्नाझिउमला जाणार आणि कोण दुसरीकडे, ते तेव्हाच ठरते. म्हणजे आपल्याकडे दहावीला लागणारा घोर तिकडे दहाव्या वर्षीच लागतो.

हा विषय मी गणपतीत चारचौघांत काढला, ही चूक झाली. आरतीचे तबक फिरून येईपर्यंत सात सल्ले जमा झाले. ‘इंग्रजीच घ्या, जगात कुठंही चालतं.’ ‘छे, चिनी शिकवा!’ एका पुणेकर काकांनी चाळीस वर्षांपूर्वी मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. त्यांनी रात्री नऊ वाजता मला ‘गूटन मॉर्गन’ केले आणि पाठिंबा जाहीर केला.

इथली जर्मन शाळा 1971 सालची. म्हणजे घराणे जुने, चांगले. फीचा आकडा ऐकून हिने माझ्याकडे पाहिले. अर्धी फी कंपनी भरणार होती. पण आमच्या वाट्याची अर्धीसुद्धा चांगली भरभक्कम होती.

प्रवेशाआधी मुलीला भेटायला बोलावले होते. मी घरात फर्मान काढले, ‘आठ दिवस मराठी बंद. फक्त जर्मन!’ आजीचा रोजचा फोनही बंद. आता माझे जर्मन भाजी आणण्यापुरते. त्यामुळे आठ दिवस आमच्या घरात फक्त कांदेबटाट्यांवर चर्चा झाली. चिमी हळूहळू बोलेनाशीच झाली. मला वाटले, अभ्यासाला लागली.

भेटीच्या दिवशी बाईंनी तिच्यापुढे मणी ठेवले आणि मोजायला सांगितले. वीसनंतर आला ‘आइनउंडत्स्वान्त्सिग’. हा आकडा म्हणताना मी अजून दात सांभाळतो. चिमी सरळ पुढे गेली. बाई म्हणाल्या, ‘घरी इंग्रजी बोलणारी मुलं इथं अडखळतात. त्यांना वीस आधी म्हणायची सवय, आम्ही एक आधी म्हणतो. हिला कोणी शिकवलं?’

‘आजीनं,’ चिमी म्हणाली. ‘फोनवर.’

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. एक आणि वीस, एकवीस! दोन आणि वीस, बावीस! त्यांचे देर-दी-दास, आपले तो-ती-ते. आता त्यांच्याकडे सूर्य ‘ती’ आणि मुलगी ‘ते’ हा भाग सोडा. पण ज्या मराठीला मी आठ दिवस दाराबाहेर उभे केले होते, तीच मुलीला हात धरून आत घेऊन आली होती.

‘घरी तुमचीच भाषा बोला,’ बाई म्हणाल्या. ‘जर्मनचं आम्ही बघतो.’

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

रात्री फोन लावला. ‘आठ दिवस फोन का नाही रे केलास?’ आईने विचारले.

‘परीक्षा होती.’

‘कोणाची?’

यावर मी फोन चिमीच्या हातात दिला. तिने मोठ्या उत्साहात मोजायला सुरुवात केली. ‘सत्तावीस, अठ्ठावीस, नऊवीस!’ माझ्या पोटात खड्डा पडला. पण आजी खुदकन हसली. ‘नऊवीस म्हटलंस तरी मला कळतं गं. पण तीस व्हायला एक उणा, म्हणून एकोणतीस. म्हण बघू.’ चिमीने म्हटले. तीनदा म्हटले. ही शाळा चुकवायची नाही, असे मी मनाशी ठरवले. शिवाय इथे फीही नाही.

शेवटी फोन माझ्याकडे आला. मी आईला प्रवेश मिळाल्याचे सांगितले आणि तिकडची गुणांची तऱ्हाही सांगितली. ‘तिथं सगळ्यात हुशार मुलाला एक मार्क देतात. आणि सगळ्यात ढ असेल त्याला सहा.’

आई क्षणभर गप्प झाली. मग हळहळून म्हणाली, ‘अरेरे! तुला तेव्हाच तिथं घालायला हवं होतं रे बाळ्या. गणितात कायम पहिला आला असतास!’