बिबा उतला

आमच्याकडे जिंतूर तालुक्यात कापसाची वेचणी सरत आली की बायांच्या टाचा उलतात. काळी जमीन, कोरडा वारा, वहाण असलीच तर झिजलेली. मग घरोघर तोच उपाय. दाभणाला बिबा टोचायचा, दिव्यावर धरायचा, आणि काळं तेल सुटलं की थेंब थेंब भेगेत सोडायचा. पायात काटा मोडला तरी बिब्याचाच चटका. भेग मिटते, ठणका थांबतो, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही.

माझी आत्या या कामात पटाईत. गल्लीतल्या बायका तिच्याकडूनच बिबा घालून घेत. तिची शिस्त आजीकडून आलेली होती: भेगेच्या भोवती आधी खोबरेल चोपडायचं, बाळंतीण-गर्भार बाईला जवळ बसू द्यायचं नाही, उन्हाळ्यात बिब्याचं नाव काढायचं नाही. लेकरं जवळ आली की ती ओरडायची, "हात लावू नको रे, उतल बरं!" ज्यांना बिबा उततो, म्हणजे सोसत नाही, त्यांना नुसत्या धुरानंही तोंड सुजतं, हे तिला ठाऊक होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात बिबा रसायन म्हणून येतो आणि तिथं तो घेण्याआधी तोंडाला आतून तूप लावायला सांगितलं आहे. आमच्या आजीनं चरकाचं नावही ऐकलेलं नसणार.

तर एका वर्षी आत्यानं सगळी शिस्त पाळून स्वतःच्या टाचांना बिबा घातला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत फोड, पाणी गळायला लागलेलं, आणि डोळे सुजून बंद. तेलाचा हात कधीतरी तोंडाला लागला असणार. त्यातून तिला शुगर. टाचेला चटका जास्त बसला होता, तो तिला कळलाच नव्हता, कारण मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते.

परभणीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. "मावशी, पायाला काय लावलं होतं?" त्यांनी विचारलं. "काही नाही बाप्पा, पाणी बाधलं आसंल." आत्या ठाम. मी बिब्याचं सांगितल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडली. डॉक्टरांना मात्र त्या एका शब्दानं अर्धं काम झालं. त्यांनी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनी साखर वाढते म्हणून ती रोज तपासायला लावली.

त्यांनी जे समजावलं ते मला नवं होतं. बिबा आंबा-काजूच्याच कुळातला. त्याच्या टरफलातलं तेल काजूच्या कच्च्या टरफलातल्या तेलासारखंच दाहक. त्याची बाधा दोन प्रकारची. एक भाजण्याची, ती लगेच दिसते. दुसरी अॅलर्जीची. ती एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून पुष्कळदा लोक भलत्याच गोष्टीला दोष देतात. आणि वर्षानुवर्षं सोसलेल्या माणसाचं शरीरही एखाद्या वर्षी उलटतं. "आम्हाला तर कधी काही झालं नाही" या गावच्या पुराव्याला म्हणूनच अर्थ नाही. आत्यालाही तोवर काही झालं नव्हतं.

धोबी पूर्वी बिब्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करायचे. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या अंगावर नेमक्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठे. धुतलेल्या कपड्यातूनही जो बाधतो, तो आपण उघड्या भेगेत ओततो!

पोटात घेण्याची गोष्ट याहून गंभीर. खोकल्यासाठी दुधात बिब्याचे थेंब पाडून देणारी घरं अजून आहेत. आयुर्वेदात बिबा कच्चा देत नाहीत. टोपी काढून गोमूत्रात, मग गाईच्या दुधात भिजवतात, विटेच्या चुऱ्यात चोळून तेल शोषून घेतात, धुतात, त्यानंतरच औषधाला घेतात. औषधांच्या कायद्यात अनुसूची ई(१) नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात धोतरा, बचनाग यांच्यासोबत भल्लातक, म्हणजे आपला बिबा, आहे. तो घातलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. आठवडी बाजारात पसाभर मिळणाऱ्या बिब्यांवर कसली सूचना असणार? बिब्याच्या बाधेनं मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

बाळंतिणीच्या लाडवातली गोडंबी वेगळी. ती आतली बी. टरफलाचं तेल न लागता नीट काढलेली असेल तर खुशाल खा. पण ती फोडणाऱ्या बायांचे काळे पडलेले, चट्टे उठलेले हात पाहिले की लाडवाची किंमत कळते.

आत्याचे पाय बरे झाले, डाग राहिले. बिबा तिनं सोडला. गल्लीतल्या बायका आता स्वतःच घालून घेतात.

माझं सांगणं एवढंच. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या लेकराच्या गळ्यात बिबा बांधू नका. शुगर असलेल्याच्या पायाला तो लावू नका. टाचा उलल्या तर कोमट पाणी, व्हॅसलीन आणि मोजे पुरतात. तेल अंगाला लागलंच तर लगेच साबणानं धुवा. आणि बिबा उतलाच, तर डॉक्टरांपुढे त्याचं नाव घ्यायला लाजू नका.