आडनाव गार्सिया

पर्थ अँबॉय हे न्यू जर्सीतल्या आमच्या मिडलसेक्स काउंटीतलं शहर. इथे घरोघरी स्पॅनिश बोलली जाते. निवडणुकीच्या दिवशी मी तिथल्या एका मतदान केंद्रावर काम करते. मतदान सकाळी ६ ते रात्री ८, आम्ही पोचतो त्याच्याही आधी, अंधारात.

गेल्या खेपेला सत्तरीच्या एक आजी आल्या. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी शेवटचं आडनाव धरून शोधलं : मोरालेस. त्यांच्या पत्त्यावर कुणीच मोरालेस नव्हतं. आता तात्पुरती मतपत्रिका द्यावी लागणार, म्हणजे मत लिफाफ्यात बंद आणि पात्रता तपासल्यावरच मोजणीत. आजींना यातलं काहीच कळेना. त्या पर्स छातीशी धरून मुकाट्याने परत निघाल्या. तेवढ्यात आमची स्पॅनिश बोलणारी सहकारी उठून आली. तिने दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाली, "गार्सियाखाली बघा." स्पॅनिश नावांत वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं नंतर. नाव लगेच सापडलं, आजींनी सही केली, मत दिलं.

मतपत्रिका स्पॅनिशमध्ये छापलेली होतीच. पण तिच्यापर्यंत पोचायला टेबलापाशी माणूस लागतो. १९७५ साली मतदान हक्क कायद्यात आलेल्या कलम २०३ नेही, जिथे ते लागू होतं तिथे, छापील कागदांबरोबर तोंडी मदत बंधनकारक केली आहे.

"नागरिक झालात ना, मग इंग्रजी यायलाच हवं," असं आपल्या मराठी लोकांच्या गप्पांतही ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. प्वेर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत आणि त्यांचं सगळं आयुष्य स्पॅनिशमध्येच चालतं. नागरिकत्वाच्या परीक्षेतही, पन्नाशी गाठलेल्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्डावर काढलेल्यांना इंग्रजीची सूट मिळते. माझ्या सासूबाईंनी दुभाष्या घेऊन मराठीतच उत्तरं दिली होती. त्यांचं मत कुणापेक्षा हलकं नाही.

संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली की रांग दाराबाहेर जाते. तेव्हा ही एकटी सहकारी चार टेबलांमध्ये धावत असते. प्रत्येक टेबलाला अशी एक व्यक्ती हवी. न्यू जर्सीत सोळा वर्षांची मुलंही हे काम करू शकतात, आणि माझी मुलगी स्पॅनिश छान बोलते. तिचा अर्ज आम्ही भरलाय.