कायमचा पत्ता

सरकारी अर्जात पत्त्याचे दोन रकाने असतात : एक ‘सध्याचा पत्ता’ आणि दुसरा ‘कायमचा पत्ता’. कारकुनी करता करता असले अर्ज मी शेकड्यांनी तपासले असतील. परंतु स्वतःचा अर्ज भरताना या दोन रकान्यांमधल्या रेघेवर माझी लेखणी क्षणभर अडते, हे मी कोणाजवळ कधी बोललो नाही. पहिल्या रकान्यात मी ‘बोगादी, म्हैसूर’ असे लिहितो आणि दुसऱ्यात वाईजवळचे, कृष्णाकाठचे माझे गाव. पहिल्यातले अक्षर घाईचे येते, दुसऱ्यातले वळणदार. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकांस या अक्षरभेदाचे मर्म निराळे सांगावयास नको.

बोगादी हे म्हैसूरच्या पश्चिमेचे एके काळचे खेडे. आता शहराने त्याला आपल्या पोटात घेतले आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही येथे आलो, तेव्हा सामानापैकी दोन पेट्या मी उघडल्याच नाहीत. उद्या परत जायचेच आहे, मग उघडण्याचे श्रम कशाला? वर्ष भरताच स्वग्रामाकडील बदलीसाठी अर्ज केला आणि मनाने त्या दिवसापासून मी फलाटावरच उभा आहे. फलाटावर उभा असलेला माणूस स्थानक झाडीत बसत नाही. गल्लीतल्या कोणाशी ओळख नाही, कानडी भाजीवाल्यापुरती, असा माझा संसार चालला होता आणि त्यात काही उणे आहे असे मला वाटतही नव्हते.

गेल्या एप्रिलात शाळांना सुट्या लागल्या आणि आमच्या अकरा वर्षांच्या कन्येने जवळच भरणाऱ्या एका उन्हाळी शिबिरात नाव घातले. शिबिराचा विषय होता ‘विश्वनागरिकत्व आणि शाश्वत जीवन’. मला हसू आले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरविलेली शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे आमच्या कचेरीच्या भिंतीवर रंगीत तक्त्याच्या रूपाने टांगलेली आहेत. त्याखालीच चहाचे कागदी पेले साचलेले असतात. एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर २०२२ च्या जुलैपासून बंदी आली, तेव्हाचे परिपत्रक मीच नोंदवून फिरविले होते. अशा शब्दांचे पुढे काय होते ते मला ठाऊक होते. त्यांना आवक क्रमांक मिळतो, जावक क्रमांक मिळतो आणि मग ते कपाटात विश्रांती घेतात.

पहिल्या दिवशी कन्या घरी आली ती प्रश्न घेऊनच.

“बाबा, आपल्याकडे पाणी कुठून येतं?”

“नळातून,” मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो.

“आणि जातं कुठे?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते मुलांना कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठी नेऊन दाखविण्यात आले. हे तळे १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी बांधविले. पुढे भोवती वस्ती वाढली तसे तिचे सांडपाणी त्यात शिरू लागले आणि ते थांबविण्यासाठी म्हैसूरकरांना पुष्कळ खटपट करावी लागली. कानडीत तळ्याला ‘केरे’ म्हणतात. येथे नवा असताना पाटीवरचा तो शब्द वाचून, येथे केर टाकण्याची जागा असावी, असा माझा समज झाला होता. ही गंमत मी कन्येला सांगितली. ती हसली नाही. “म्हणजे आपण केरेत केर टाकतो,” एवढेच म्हणाली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहू लागली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट सांगावयास मला संकोच वाटतो. पण ती वगळली तर या लेखाला काही अर्थच उरणार नाही. एके सकाळी शिबिरातली मुले कचऱ्याच्या गाडीमागून गल्लोगल्ली हिंडली. म्हैसूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले होते, ही गोष्ट पाहुण्यांना मी मोठ्या ऐटीने सांगत असे. ते पहिलेपण कोणाच्या हातांनी मिळाले हे मात्र मी कधी पाहिले नव्हते. येथे ओला कचरा आणि सुका कचरा निराळा द्यावा लागतो. ‘हसी कस’ आणि ‘ओण कस’ हे शब्द ऐकून ऐकून मला पाठ होते. पण आमच्या घरची बादली एकच होती. पत्नीने दोन-तीनदा सुचविले, तेव्हा “आपण येथे किती दिवस राहणार?” असे म्हणून मी विषय संपविला होता.

गाडी आमच्या दारी आली. गाडीवरच्या बाईने आमची बादली उपडी केली आणि शिळा भात, भाज्यांची देठे, दुधाच्या पिशव्या, फुटलेल्या बशीचे तुकडे हे सारे ती हातांनी निवडू लागली. एक तुकडा तिच्या बोटाला लागला. बोट लुगड्याला पुसून ती पुढे निवडतच राहिली. ती रोजच तसे करीत असली पाहिजे. चार वर्षे माझा आळस ती बोटांनी निवडीत होती. त्या दिवशी ते पाहावयास वीस मुले उभी होती आणि त्यांत माझी मुलगी होती.

संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने एकच प्रश्न विचारला, “बाबा, आपण गावी असतो तर दोन बादल्या ठेवल्या असत्या का?”

मला झोप आली नाही. महाविद्यालयात असताना मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीस गेलो होतो. बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या त्या छावणीत भर मे महिन्यात घमेल्यांनी माती वाहिली होती, देश जोडण्याची गाणी म्हटली होती. साने गुरुजींच्या आंतरभारतीवर तेथे मी एक छोटे भाषणही ठोकले होते. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याचे सुखदुःख जाणावे, हे गुरुजींचे स्वप्न मी टाळ्या घेत वर्णिले होते. आणि तोच मी परप्रांतात चार वर्षे राहून, माझ्या दाराशी रोज येणाऱ्या बाईचे नाव विचारू शकलो नव्हतो! ज्या मानसगंगोत्रीवरून मी नित्य कचेरीत जातो तिला ते नाव देणारे कुवेंपू सांगत, की मूल जन्मते ते विश्वमानव म्हणूनच. पुढे आपणच त्याला लहान लहान कुंपणांत कोंडतो. जातीची, धर्माची, भाषेची कुंपणे त्यांना दिसली होती. ‘आपण येथे किती दिवस राहणार’ हेही एक कुंपणच असते, हे मला त्या रात्री उमगले. जगाचा नागरिक होण्याच्या गप्पा दूरच राहिल्या. मी माझ्या गल्लीचाही नागरिक नव्हतो.

दुसऱ्या सकाळी शिटी वाजताच मी दोन बादल्या घेऊन खाली उतरलो. रात्रभर जुळविलेली कानडी वाक्ये ऐन वेळी पळून गेली. “अक्का” एवढे म्हणता आले, कारण तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. आणि मागून कसेबसे “तप्पायितु”, म्हणजे चूक झाली. तिने माझ्याकडे पाहिले, बादल्यांकडे पाहिले आणि ती हसून म्हणाली, “परवागिल्ल.”

आपल्या ‘पर्वा नाही’चेच हे भावंड. परंतु आपण तो शब्दप्रयोग बेफिकिरीने वापरतो आणि कानडी माणूस तो क्षमेसाठी वापरतो. चार वर्षे मी तिला माझे ‘पर्वा नाही’ देत आलो होतो. तिने मला तिचे दिले.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांनी ‘आपले गाव’ या विषयावर काढलेली चित्रे भिंतीवर लावली होती. कन्येच्या चित्राखाली ‘बोगादी’ असे कानडीत लिहिले होते. माझ्या मनात बारीकशी कळ उठली, ती मी येथे लपवीत नाही. आजोबांचा वाडा, घाट, कृष्णेचे पात्र यांतले त्या कागदावर काहीच नव्हते. ती माझा चेहरा वाचीत असावी. कागदाच्या वरच्या कडेला तिने डोंगरांची एक लांब ओळ रेखाटली होती. तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “हा सह्याद्री आहे, बाबा. कावेरी इथून निघते, आणि कृष्णा इथून. कागद पुरला नाही, म्हणून आपलं वाईकडचं गाव काढता आलं नाही.”

बदलीचा अर्ज मी मागे घेतलेला नाही. हुकूम येईल त्या दिवशी मी जाईन, आणि आनंदाने जाईन. आईवडील तिकडे थकत चालले आहेत. पण परवा त्या दोन पेट्या उघडल्या. एकीत तांब्यापितळेची भांडी होती, दुसरीत सोमनाथच्या छावणीतले एक पिवळे पडलेले छायाचित्र. भांडी पत्नीने चिंचेने घासून फडताळात लावली. शाळेचा नवा अर्ज भरताना कन्येने विचारले, “कायमचा पत्ता कोणता लिहू?” मी वाईकडचाच सांगितला. तिने तो लिहिला. तिचे अक्षर मात्र दोन्ही रकान्यांत सारखेच आले होते.