शनिवारच्या बैठकीतले आनंद

आमच्या शनिवारच्या बैठकीला नाव नाही. सांगलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी आम्ही संध्याकाळी जमतो. मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला, अध्यक्ष आला की शाल-श्रीफळ आलं आणि मग लिहिणं मागं पडलं, असं आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांचं मत. आम्ही त्यांना सर म्हणतो आणि थोडं भितोही. तरी अलीकडे शाल आणावी असे प्रसंग आमच्याकडे लागोपाठ आले.

यश कशाला म्हणायचं यावर आमच्यात पूर्वी बरीच भांडणं झाली आहेत. हल्ली व्हॉट्सॲपवर काव्यस्पर्धांचं पीक आलंय. भाग घेईल त्याला संध्याकाळपर्यंत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, फोटोसकट. दुसरा प्रकार प्रातिनिधिक काव्यसंग्रहांचा. कवीनं आधी पैसे भरायचे, मग आपली एक कविता असलेल्या प्रती स्वतःच विकत घेऊन पाहुण्यांना वाटायच्या. बैठकीत या दोन्हींचे पेढे चालत नाहीत. हे थोडं कडक आहे, कारण पहिल्यांदा छापील नाव पाहिलेल्या माणसाचा आनंद खोटा नसतो. पण नियम सरांचा, आणि मला तो पटतो.

पहिले खरे पेढे शिवणकाम करणाऱ्या आमच्या वहिनींनी आणले. वहिनी घरीच ब्लाउज शिवतात. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. लेखक स्वतः शिंपीकाम केलेले, कादंबरीही रेडिमेड कपड्यांपुढं हतबल झालेल्या शिंप्याची. वहिनींनी ती वाचली आणि पुढच्या शनिवारी म्हणाल्या, ‘‘काय ओ सर, गड्यानं शर्टावर लिहिलं तर कादंबरी, आणि बाईनं ब्लाउजवर लिहिलं तर हसायचं का?’’ सर म्हणाले, आधी लिहा, मग बघू कोण हसतं ते.

त्यांनी लिहिली ती गोष्ट अशी. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर एक जुनी गिऱ्हाईक माप द्यायला येते. दोघी त्या विषयावर अक्षरही बोलत नाहीत. बोलणं होतं ते गळा किती खोल, अस्तर सुती की कसलं, आणि एका बाजूचे टक्स काढायचे का, याचंच. बैठकीत वाचून झाल्यावर कुणी दाद दिली नाही, सगळे कामालाच लागले. शेवटी बाईच्या जिद्दीवर एक अख्खा परिच्छेद होता, तो काढा असं सर्वांनी सांगितलं. वहिनी दोन आठवडे रुसल्या. तिसऱ्या आठवड्यात तो परिच्छेद गेला होता, आणि माप घेताना टेप थांबतो ती जागा मात्र लांबली होती.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीपाशी येऊन ठेपतं. साहित्य मात्र पावसाळ्यातच पाठवावं लागतं. वहिनींची गोष्ट एका अंकानं स्वीकारली. अंक टपालानं आला, मानधन नंतर आलं. त्या पैशांत ओव्हरलॉक मशीनची दुरुस्ती झाली, हे त्यांनी गोष्टीपेक्षा जास्त अभिमानानं सांगितलं.

दुसरी बातमी दिल्लीची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर, म्हणजे आमच्या सांगलीच्याच. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष आणि अरुणा ढेरे यांच्यानंतरच्या या सहाव्या स्त्री अध्यक्ष. जात्यावरच्या ओव्या आणि लोककथा यांतून बायकांचं शहाणपण शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नाव जाहीर झालं तेव्हा गावात जो तो ‘आमच्या बाई’ म्हणू लागला. त्यातल्या किती जणांनी त्यांचं पुस्तक उघडलं होतं, ते विचारू नये.

त्या संमेलनाच्या कविकट्ट्यासाठी आमच्या काकांची कविता निवडली गेली. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. कविता तिकिटांच्या जुन्या ट्रेवर आणि पंचच्या टकटक आवाजावर, मशीन येण्याआधीच्या काळातली. पुण्याहून सुटलेल्या खास रेल्वेनं ते गेले. डब्याडब्यांतून कवितावाचन चाललं होतं, झोप म्हणून मिळाली नाही, पण जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडल्यावर आपण खिडकीशी बसून जातोय याचंच त्यांना अप्रूप. कट्ट्यावर वाट्याला थोडीच मिनिटं आली. समोर बसलेले बहुतेक श्रोते म्हणजे आपल्या नंबराची वाट पाहणारे कवीच, आणि पुढचा कवी कागद हातात घेऊन पायरीवर उभा. ‘‘स्टँडवर गाडी लागल्यावर जशी माणसं दाराला लोंबकळतात, तसं,’’ असं वर्णन काकांनी केलं. एवढ्यासाठी इतक्या लांब जावं का? काकांना विचारलं तर ते संक्रांतीच्या औदुंबरच्या संमेलनाचं उदाहरण देतात. कवी सुधांशूंच्या त्या कृष्णाकाठच्या गावात ऐकायला आलेलं माणूस ऐकतं, म्हणतात. आणि लगेच पुढच्या कविकट्ट्याचा विषयही काढतात.

तिसरं यश अजून हातात यायचं आहे. अंगणवाडीत काम करणाऱ्या आमच्या एका ताईंचा पहिला कवितासंग्रह राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत मंजूर झाला. पहिल्या संग्रहासाठी कवीलाच खिशात हात घालावा लागण्याच्या या दिवसांत ही गोष्ट मला पुरस्काराहून मोठी वाटते. पोषण आहाराच्या नोंदवह्यांच्या उलट्या बाजूला लिहिलेल्या कविता आहेत त्या. कुठल्या पोराचं वजन किती, हे काही ठिकाणी ओळीतच शिरलंय.

प्रुफं आली आहेत. भांडण आहे ते आईवरच्या कवितेचं. बैठकीत वाचली की हमखास कुणाचे तरी डोळे पाणावतात, आणि ताईंना नेमकी तीच गाळायची आहे. ‘‘ती मला फार सोपी गेली,’’ म्हणतात. काका ठेवा म्हणतात, वहिनी ठेवाच म्हणतात, आणि सर पहिल्यांदाच गप्प आहेत. मी ताईंच्या बाजूनं आहे. सोमवारी प्रुफं परत धाडायची आहेत, तोवर काय ते ठरेल.