एकट्यानं तीन दिवस : रतनगड ते हरिश्चंद्रगड

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा नकाशा काढा आणि भंडारदऱ्याच्या जलाशयावर बोट ठेवा. त्याच्या एका टोकाला रतनवाडी आहे. तिथून रतनगडावर चढायचं, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं आणि पाचनईहून हरिश्चंद्रगड गाठायचा, अशी ही तीन दिवसांची वाट. वीस वर्षं मित्रांबरोबर तुडवलेली. गेल्या डिसेंबरात मात्र मी एकटाच निघालो. तुम्ही असं एकटं जायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो! मीसुद्धा कुठल्या रात्री कुठे मुक्काम, ते कागदावर लिहून घरी ठेवलं होतं. शनिवारी रात्रीपर्यंत फोन आला नाही तर शोध कुठून सुरू करायचा, तेही त्यात होतं.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बघून जंगलात शिरलो. सोबतीला प्रवरा. हिचा उगम रतनगडावरचाच. जंगल संपलं की कडा सुरू होतो आणि कड्याला लोखंडी शिड्या. एरवी खालून कुणीतरी "अरे, सावकाश!" म्हणून ओरडत असतं. आज नुसता शिडीचा कुरकुर आवाज.

गडावर पाण्याची टाकी आहेत, मुक्कामाला गुहा आहे आणि माथ्याजवळ आहे ते प्रसिद्ध नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. सुईचं असतं ना, तसंच, फक्त यात माणसं बसतात. त्याचं असं आहे, की सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थराचे कडे उभे राहतात, ठिसूळ थर झिजून तिथे कपारी, गुहा आणि क्वचित असं नेढं तयार होतं. नेढ्यातून कळसूबाई दिसलं, अलंग-मदन-कुलंग दिसले. वारा तर असा, की टोपी पिशवीत कोंबावी लागली.

आणि तिथेच मोह झाला. नेढ्याच्या वरच्या कातळात पकडी सोप्या दिसत होत्या. चढलो. दोन पाय आणि एक हात पक्का असल्याशिवाय दुसरा हात हलवायचा नाही, हा नियम. पुरुषभर उंची गाठली. पुढच्या दगडावर बोटांनी टकटक केलं. पक्का दगड खणखणीत वाजतो. हा बद्द वाजला. बरोबर कुणी असतं तर कदाचित त्याच्या शेजारी दुसरी पकड शोधली असती. पण इथे नुसता पाय मुरगळला असता, तरी शनिवारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. उतरायचं ठरवलं. चढायला दोन मिनिटं लागली होती, उतरायला पंधरा! उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही ना. बूट कातळावर चाचपत राहतो आणि मांड्या लटलटायला लागतात. खाली टेकल्यावर बराच वेळ मी काहीच केलं नाही. मग चटणी-भाकरी खाल्ली.

दुसरा दिवस चालण्याचा. पुन्हा शिड्या उतरून, जंगलातून कात्राबाईच्या खिंडीत. तिथून आजोबाचा डोंगर दिसतो आणि दूरवर हरिश्चंद्रगड. खिंडीपलीकडचा उतार घसाऱ्याचा, त्यावर वाळलेलं गवत. पाय टाकला की सर्रकन सरकतो. खाली एका ठिकाणी दोन वाटा फुटल्या. रुळलेली वाट धरणार, तेवढ्यात गुरांमागचा एक पोरगा ओरडला, "दादा, ती गुरांची वाट हाय. पुढं कडा हाय नुसता!" तुमच्याच वयाचा असेल. मग "एकलेच आलाव?" असं विचारून तो कुमशेतची घरं दिसेपर्यंत माझ्याबरोबर आला. गूळ-दाणे दिले, ते त्यानं खिशात ठेवले. धाकट्या बहिणीसाठी. पुढे मुळा नदी ओलांडून अंधार पडायच्या आत पाचनई.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उभा आहे. पण मला ओढ कोकणकड्याची. हा कडा सरळ नाही, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. पावसाळ्यात दरीत ढग आणि पाठीशी सूर्य असेल, तर इथे कधीकधी गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. डिसेंबरात ते कुठलं दिसायला! मी गवताची काडी खाली टाकली. वाऱ्यानं ती उचलून माझ्या डोक्यावरून मागे नेली.

मित्र असले की कड्यावर पालथं पडून खाली डोकवायचं आणि दुसऱ्यानं पाय धरायचे, अशी आमची पद्धत. आज पाय धरायला कुणी नव्हतं. म्हणून कडेपासून दोन हात मागेच पालथा पडलो. दरीचा तळ दिसला नाही. समोर कोकणातले डोंगर निळे-निळे होत गेलेले, आणि खाली कुठेतरी बेलपाड्याच्या बाजूला कुत्रं भुंकत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. दोन वाजले तसा उठलो. तोलार खिंडीवरचा कातळटप्पा उजेडात उतरायचा होता.