ओलीची शिल्लक

पुण्यातील बिबवेवाडीत राहणाऱ्या एका कागद-व्यापारी कुटुंबात मागील वर्षी आश्विन महिन्यात एक पेच उभा राहिला. घरातील आजींचे वय ब्याऐंशी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून काही दिवस खिडक्या बंदच ठेवायच्या होत्या. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा. म्हणून मुलाने आपली खोली आईला दिली, कारण एसी त्याच खोलीत होता. आजी दोन रात्री तेथे झोपल्या आणि तिसऱ्या रात्री चटई उचलून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन निजल्या.

मुलाला ते लागले. चातुर्मास चालू असल्याने आईने न सांगता काही त्याग धरला असावा, असा त्याचा समज झाला. तसे पूर्वी घडलेही होते; एका वर्षी त्यांनी गूळ सोडल्याचे घरच्यांना थेट कार्तिकात कळले होते.

"आई, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. निदान महिनाभर तरी हट्ट नको."

"हट्ट नाही रे. त्या मशिनला वास येतो. भिजलेल्या रिमासारखा. आणि खोकला आला की डोळा ठणकतो."

कागदाच्या घरात या उत्तराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा आजी नुकत्याच लग्न होऊन या घरात आल्या होत्या. शनिवार पेठेतील दुकानात पाणी शिरले. पुढे गाळ धुऊन निघाला, पण रिमांच्या आत शिरलेली ओल निघाली नाही. वरून सुकल्यासारखे दिसणारे गठ्ठे सोडले की आत काळे ठिपके आणि तो कुबट दर्प. तो वास आजी विसरल्या नव्हत्या.

वास घरातील इतरांनाही येत होता. परंतु यंत्र सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटेच. नंतर नाक सरावते आणि माणूस समजतो की वास गेला. त्यावर उपाय म्हणून सुनेने खोलीत कापूर ठेवला, नातवाने सुगंधी जेलची डबी आणली, आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागू लागली. यातील उदबत्ती तर प्रत्यक्ष अपायकारकच ठरली. खोलीतील एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः घरगुती स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. तेव्हा उदबत्तीचा चिकट धूर त्याच यंत्रात ओढला जातो आणि आतल्या ओल्या जाळीवर धुळीचा नवा थर धरायला मदत करतो.

मग एक कारागीर बोलावण्यात आला. त्याने समोरचे झाकण उघडून फेसाचा फवारा मारला, पुसून घेतले आणि पंधरा मिनिटांत काम आटोपले. खोलीला लिंबाचा वास येऊ लागला. चौथ्या दिवशी लिंबू गेले आणि जुना दर्प परत आला. पुन्हा बोलावल्यावर तो म्हणाला, "आता ॲसिड मारू, शेठ. आत जे काही आहे ते सगळं मरून जाईल."

हे वाक्य आजींनी ऐकले आणि कामच थांबले.

ज्या घरात प्रतिक्रमण होते तेथे हे थांबणे कोणाला विचित्र वाटणार नाही. इरियावहियं सूत्रात चालता-बोलता ज्यांना बाधा पोहोचते त्यांची जी नावे येतात, त्यांत 'पणग' हा शब्द आहे. त्याचा अर्थ बुरशी, शेवाळ. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ नये, पापडाच्या डब्याला दमट हात लागू नये, याची जी काळजी या घरांतून घेतली जाते, तिच्यामागे तोच विचार असतो. आजींचा प्रश्न सरळ होता: बुरशी मारण्यासाठी माणूस बोलावता, पण ती झाली कशी, हे कोणी पाहिले का?

ते पाहायला नाना पेठेतून एक वयस्कर मेकॅनिक आला. त्याने आधी हत्यार काढलेच नाही. मोबाइलच्या उजेडात यंत्राचे तोंड न्याहाळले आणि आतील लांबट गोल पंख्याच्या पात्यांवर जमलेला काळपट थर मुलाला दाखवला. फवारा समोरच्या जाळीवर बसला होता. पंख्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. मग त्याने तांब्याभर पाणी मागून ते आतल्या तबकात हळूच ओतले. बाल्कनीतील नळीतून ते लगेच बाहेर यायला हवे होते. आले नाही.

याची उकल समजण्यासाठी यंत्राचे काम थोडे समजून घ्यावे लागते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसाच एसीच्या आतील थंड जाळीवर हवेतील बाष्पाचा फुटतो. ते पाणी खालच्या तबकात पडते आणि उताराच्या नळीने बाहेर जाते. ही गोष्ट दोष नव्हे. तेच यंत्राचे निम्मे काम आहे. किंबहुना या यंत्राचा उगमच कागदापाशी आहे. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन व्यवस्था आखली, ती माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागचे हलत, म्हणून हवेतील ओल ताब्यात आणायची होती. गोदामात रीम जमिनीपासून फळीवर उचलून ठेवणाऱ्या या व्यापाऱ्याने ओल काढण्याचे यंत्र घरात बसवले आणि त्याच्या पोटात मात्र ओल साठू दिली, ही थट्टा त्याला स्वतःलाच जाणवली.

ओल साठण्याची कारणे दोन निघाली. पहिले कारण म्हणजे बाल्कनीतील बादली. एसीचे पाणी वाया जाऊ नये, झाडांना घालता यावे, म्हणून नळीचे टोक बादलीत सोडलेले होते. हेतू चांगला, परंतु बादली भरली की टोक पाण्यात बुडे, नळीत हवा अडकून प्रवाह खुंटे आणि तबकात पाणी तुंबून राही. शिवाय नळी मध्येच झोळीसारखी लोंबली होती, तेथे वेगळे डबके. दुसरे कारण अधिक मोठे. मे महिन्यात रात्रभर चालणारा एसी पहिला पाऊस पडला तसा एका सकाळी रिमोटने बंद केला गेला, आणि मग ऑक्टोबरपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. शेवटच्या रात्रीची ओल, हंगामभराची धूळ, अंधार आणि चार महिन्यांची दमट हवा! मागील वर्षाची शिल्लक नव्या खतावणीत ओढावी, तशी ती ओल पुढे आली. मे महिन्यात या घराने हळद-तिखटाला ऊन दाखवले होते, गाद्या गच्चीवर टाकल्या होत्या, कपाटांच्या मागे डोकावून भिंती पाहिल्या होत्या. त्या यादीत एसी नव्हता, इतकेच.

आता जी बुरशी झाली होती तिचे काय, हा प्रश्न उरलाच. मुलगा काही बोलेना. निर्णय आजींनीच दिला. ती तशीच ठेवली तर रोज नवी उपजणार, रोज वाऱ्याबरोबर उडून माणसांच्या छातीत जाणार आणि रोज मरणार. त्यापेक्षा एकदाच, जपून, धुऊन काढावे. ॲसिड मात्र नको. मेकॅनिकलाही ते नकोच होते. तीव्र रसायनाने जाळीचे ॲल्युमिनियम झिजते, असे त्याने सांगितले. त्याने वीज तोडली, विजेचे भाग झाकले, यंत्राखाली प्लास्टिकची झोळी बांधली, आणि सौम्य साबणाचे पाणी व साधे पाणी बारीक धारेने सोडत जाळी, तबक आणि पंखा असे सारे धुतले. दोन बादल्या चहासारखे पाणी निघाले. ते गटारात न ओतता सोसायटीच्या मागील बाजूस कोरड्या मातीत विरळ पसरून टाकावे, असे आजींनी सुचवले आणि नातू गुपचूप ते करून आला. आजींनी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. नळीला सरळ उतार मिळाला. बादली राहिली, पण नळीचे टोक तिच्या काठाच्या वर, मोकळ्या हवेत बांधले गेले. धुतल्यावर दोन तास नुसता पंखा चालवून यंत्र सुकवले, तोवर खिडक्या उघड्या ठेवून आजींना देवघराजवळ बसवले होते.

पुढची शिस्त सुनेने हाती घेतली. फिल्टर दर पंधरवड्याला साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. कडक उन्हात त्याचे प्लास्टिक वाकडे होते. पहाटे थंडावा बंद करण्यापूर्वी अर्धा तास केवळ पंखा, म्हणजे आतली जाळी कोरडी होते. काही यंत्रांत हे आपोआप होण्याची सोय असते; या जुन्या यंत्रात नव्हती. तापमान अठरावर न्यायचे नाही, चोवीस पुरे. १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार-पट्टी लावलेले एसी मुळात चोवीसवरच लावून येतात, हे नातवाने सांगितले. स्वतः मात्र तोच अठरावर नेत असे. उदबत्ती देवघरात गेली. जेलची डबी कचऱ्यात गेली.

आजी पाचव्या दिवशी पॅसेजमधून खोलीत परतल्या. खोकला ओसरायला आठवडाभर लागला. मुलगा त्या काळात दोनदा म्हणाला की, आईने पहिल्याच रात्री सांगायला हवे होते. त्यावर आजींचे म्हणणे असे की सांगितले होते. पण तेव्हा सगळे कापूर शोधत होते.

यंदा ज्येष्ठात पहिली सर आली, त्या संध्याकाळी सुनेने स्वयंपाकघरातील बेगमीची यादी काढली. डाळी, मसाले, पापड, गाद्या, आणि खाली नव्या शाईत एसी. फिल्टर धुऊन वाळला होता. यंत्र पंख्यावर लावले गेले आणि आजी खुर्ची ओढून त्याच्याखाली बसल्या. तासाभराने त्यांनी हात वर धरून वारा पाहिला, नाक पुढे केले, आणि सुनेला म्हणाल्या, "अजून अर्धा तास चालू दे."