म्हशाची जत्रा आणि कोरियाची बरगडी
पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. शहापूर-मुरबाडचे शेतकरी तिथे बैलाचे दात पाहतात, शिंगं पारखतात. अशा मुलखात कोरियाची ‘गाल्बी’, म्हणजे गाईबैलाची भाजलेली बरगडी, करायची कशी? गाईला १९७६ च्या कायद्याचं अभय, बैलालाही २०१५ पासून. तेव्हा बोकडाची बरगडी घ्यावी. सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल हे सारं तसंच. मांस मऊ व्हायला कोरियन गृहिणी नाशपाती किसून लावते. आपण परसातली कच्ची पपई लावावी. पण जपून! अर्ध्या किलोला चहाचा चमचाभर कीस, तासभर, बस्स. रात्रभर ठेवाल तर लगदा होईल! चुलीतल्या निखाऱ्यांवर राख धरली की मगच जाळी ठेवावी. ज्वाळेवर साखर आधी करपते. ते लोक पानात गुंडाळून खातात. इथे तांदळाची भाकरी आहेच.